हिरवेगार झाड आणि गुणाचे झाड: माळव्याच्या मातीत औषधी वनस्पती कशा वाढवाव्यात

माळव्यात वाढलेल्या प्रत्येकाला ‘मालव माटी गहन गंभीर, पग पग रोटी, डग डग नीर’ ही म्हण तोंडपाठ असते. गहू, हरभरा आणि सोयाबीन यांच्या दृष्टीने ही खोल, काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन म्हणजे खरोखरच लक्ष्मी आहे. परंतु ज्याला इंदूरच्या अंगणात, गच्चीवर किंवा महू-सिमरोलकडच्या एखाद्या लहान तुकड्यात औषधी वनस्पती लावायच्या आहेत, त्याने ही म्हण जरा थांबून ऐकावी, कारण ज्या गुणांमुळे ही माती धान्याला मानवते त्याच गुणांमुळे ती मुळांच्या अनेक औषधांना मानवत नाही.

मी पहिल्यांदा अश्वगंधा लावली ती सुदामा नगरातल्या घरापुढच्या काळ्या मातीत. भरपूर शेणखत, वर दोनदा युरिया आणि एक दिवसाआड पाणी, असे तिचे सगळे लाड केले. झाडे कमरेपर्यंत आली, पाने तळहाताएवढी झाली आणि येणारे-जाणारे कौतुक करू लागले. माघात ती उपटली तेव्हा बोटाएवढे सरळ मूळ निघण्याऐवजी चार-पाच फाटे फुटलेले, केसाळ मुळांचे जुडगे हाती आले. वाळवल्यावर त्यातले एक मूळ मोडू गेलो तर ते मोडेचना. वाकले, पिळले गेले आणि शेवटी सुतळीसारखे तंतू सोडत तुटले. त्याच हिवाळ्यात मनासा भागातल्या एका शेतकरी काकांनी आपल्या शेतातले मूळ माझ्या हातावर ठेवले. त्यांचे झाड बुटके होते, पाने पिवळी पडलेली होती, पाहणाऱ्याला ते आजारीच वाटले असते. पण मूळ मोडताच खडूसारखा ‘कट्’ आवाज झाला, आत पांढराशुभ्र पिठूळ गाभा दिसला आणि ज्यावरून या वनस्पतीला नाव पडले तो घोड्याच्या अंगासारखा उग्र वास बोटांना लागला. मंदसौर-नीमचच्या पट्ट्यात मूळ असेच मोडून पारखतात. ठणठणीत, सहज मोडणारे आणि आतून पांढरे मूळ वरच्या प्रतीचे, आणि तंतुमय मूळ खालच्या प्रतीचे.

झाड डोळ्यांना हिरवेगार दिसणे आणि त्याच्या अंगी औषधाचा गुण असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी समजले. पुढे जे सांगत आहे ते सगळे या एका फरकाभोवती फिरणारे आहे.

झाडाला गुण येतो म्हणजे काय होते

तुळशीतले युजेनॉल, कालमेघातले अँड्रोग्राफोलाइड, अश्वगंधेतले विथॅनोलाइड किंवा हळदीतले कर्क्युमिन ही द्रव्ये वनस्पतीच्या रोजच्या पोटापाण्याची नसतात. कीड, बुरशी, कडक ऊन, पाण्याची ओढ आणि चरणारी जनावरे यांच्यापासून स्वतःचा बचाव करण्यात अशा द्रव्यांचा मोठा वाटा असतो. पाने उन्हात जे अन्न तयार करतात ते एकतर नवी पाने-फांद्या वाढवण्यात खर्च होते किंवा अशा द्रव्यांकडे वळते. पाणी आणि नत्र यांची चंगळ असली की झाड वाढीच्याच मागे लागते. थोडी ओढ बसली की वाढ आधी मंदावते, परंतु अन्न तयार होणे लगेच थांबत नाही, आणि मग शिल्लक राहिलेले अन्न संरक्षणाच्या द्रव्यांकडे जाऊ शकते.

यावरून झाडाला उपाशी ठेवावे असा अर्थ काढणे मात्र चुकीचे ठरेल. ओढ फार झाली तर झाड खुरटते, आणि टक्केवारी वाढूनही हाती येणारे एकूण औषध कमीच भरते. शंभर ग्रॅम मुळांत दोन टक्के द्रव्य असेल तर ते दोन ग्रॅम झाले, आणि तीनशे ग्रॅम मुळांत एक टक्का असेल तर तीन ग्रॅम. म्हणून टक्का आणि वजन या दोन्हींकडे लक्ष ठेवावे लागते. शिवाय सर्व द्रव्यांना एकच नियम लागू पडत नाही. सुगंधी तेले आणि तुरट द्रव्ये यांच्यात नत्र नसते, तर अल्कलॉइड वर्गातल्या द्रव्यांच्या घडणीतच नत्र असते, त्यामुळे तंबाखूला नत्र दिल्यास तिच्यातले निकोटिन वाढते. आपण कोणत्या द्रव्यासाठी झाड लावतो आहोत हे ठरवल्याखेरीज खताचा निर्णय घेता येत नाही.

वजन वेगळे आणि सत्त्व वेगळे हा विचार माळव्याला नवा नाही. नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफूची शेती होते, आणि गेल्या काही वर्षांपासून शेतकऱ्याचा परवाना चालू ठेवताना नुसत्या चिकाच्या वजनाऐवजी त्यात मॉर्फिन किती भरले हे पाहिले जाते. बोंडांना चिरा दुपारनंतर देतात आणि चीक दुसऱ्या दिवशी सकाळी खरवडून घेतात. मध्येच पाऊस आला तर चीक धुऊन जातो, म्हणून तिथला शेतकरी त्या दिवसांत आभाळाकडे पाहूनच कामाला लागतो. परवान्याशिवाय अफूचे एक रोपसुद्धा लावणे गुन्हा आहे, तेव्हा हे केवळ उदाहरण म्हणून सांगितले.

बेणे आणि माती

माती-पाण्याच्या आधी बेण्याचा विचार करावा. एकाच नावाच्या दोन रोपांत मुळातच वेगवेगळी द्रव्ये असू शकतात: एका तुळशीला लवंगेसारखा वास येतो, कारण तिच्यात युजेनॉल जास्त असते, तर दुसरीला बडीशेपेसारखा गोडसर वास येतो. लवंगेचा वास हवा असेल तर रोप घेतानाच पान चुरगाळून हुंगावे, कारण बडीशेपेच्या वासाच्या तुळशीला कितीही ऊन दाखवले तरी ती लवंगेच्या वासाची होणार नाही. अश्वगंधेत जवाहर असगंध २० आणि जवाहर असगंध १३४ या जाती आपल्याच मंदसौरच्या संशोधनातून आलेल्या आहेत आणि इथल्या हवामानासाठी निवडलेल्या आहेत. नावाचा घोटाळाही आधीच मिटवावा. मराठी घरांत ‘ब्राह्मी’ म्हणून बहुधा गोल पानांची मंडूकपर्णी ओळखली जाते, तर अन्यत्र त्याच नावाने बारीक, जाड पानांची नीरब्राह्मी विकली जाते. दोन्ही औषधी आहेत, पण त्यांची द्रव्ये आणि उपयोग वेगळे आहेत.

आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, चुनखडीमुळे किंचित विम्लधर्मी असते आणि पाण्याचा निचरा फार सावकाश होऊ देते. पानांसाठी लावायच्या तुळशीला किंवा अडुळशाला ती चालते. ज्यांचे मूळ किंवा कंद हवा आहे त्या अश्वगंधा, शतावरी, सफेद मुसळी यांच्यासाठी मात्र तिच्यावर किमान एक फूट उंचीचा गादीवाफा करावा आणि त्यात हलकी मुरमाड माती दोन भाग, जाड वाळू एक भाग व चांगले कुजलेले खत एक भाग असे मिश्रण भरावे. काळ्या मातीतच चार टोपली वाळू टाकून ती सुधारेल असे समजू नये; थोड्या वाळूने चिकणमाती मोकळी न होता विटेसारखी घट्ट बसते. गच्चीवर कुंडी असेल तर ती निदान चौदा-पंधरा इंच खोल असावी, कारण सोटमूळ बुडाला टेकले की वळते आणि फाटे फोडते.

खताच्या बाबतीत इंदूरकरांना बाहेर पाहण्याची गरज नाही. ज्या कंपोस्ट पद्धतीला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात ती १९२४ ते १९३१ या काळात इथल्याच वनस्पती-उद्योग संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी बसवली. पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर देऊन, ओल राखून, ढीग दोन-तीन वेळा उलटला की साधारण तीन महिन्यांत मातीच्या वासाचे मोकळे खत तयार होते. त्यातला नत्र झाडाला सावकाश मिळतो, आणि औषधी झाडाला नेमके तेच मानवते. युरियाने आठवड्यात येणारा हिरवा फुगवटा टाळायचा असेल तर वर्षातून एकदा, लागवडीपूर्वी, हे खत मिसळावे आणि नंतर खताचा हात आखडता घ्यावा.

पाणी

इंदूरला वर्षाकाठी साधारण ९५० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. अश्वगंधा या पावसाच्या तोंडावर न पेरता ऑगस्टच्या मध्याला, पावसाचा जोर ओसरू लागला की पेरावी. बी एक-दीड सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये, ओळींत एक फुटाचे अंतर ठेवावे आणि उगवणीनंतर विरळणी करून रोपारोपांत चार बोटांचे अंतर राखावे. दाट राहिलेली रोपे एकमेकांची मुळे पोसू देत नाहीत. ऑक्टोबरनंतर पाऊस थांबला की मूळ ओलीच्या शोधात सरळ खाली उतरते, आणि हीच वेळ हात आवरण्याची असते. माती पार कोरडी पडून पाने सकाळीसुद्धा मलूल दिसली तरच एक पाणी द्यावे. दुपारी मान टाकून संध्याकाळी पुन्हा ताठ होणारे झाड तहानेने मरत नसते. सगळ्या हंगामात अशी एक-दोन पाणी पुष्कळ झाली.

कोरफडीलाही असेच वागवावे. कापण्याच्या आदल्या दिवशी पाणी दिले तर पान टम्म दिसते पण गर पातळ निघतो. आठ-दहा दिवस पाणी तोडून कापलेल्या पानाचा गर दाट येतो. कोरफड रात्री हवा आत घेऊन तिचे आम्ल करून ठेवते आणि दिवसा ते वापरते, म्हणून पहाटे कापलेल्या पानाचा गर दुपारच्या पानापेक्षा आंबट लागतो. कापलेले पान दहा-पंधरा मिनिटे उभे धरून सालीखालचा पिवळा चीक निथळू द्यावा, कारण तो तीव्र रेचक असतो आणि नेहमीच्या वापरासाठी नको असतो.

ब्राह्मी मात्र या नियमाला सरळ अपवाद आहे. दोन्ही ब्राह्मींना ओल हवी असते, आणि नीरब्राह्मी तर चिखलातच रमते. तिला ओढ दिली तर गुण वाढण्याआधी ती वाळून जाते. परंतु ओल कुठली, हे इथे फार महत्त्वाचे आहे. नीरब्राह्मी पाण्यातले शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू अंगात साठवते. शहरातल्या नाल्याच्या काठावर ती कितीही टवटवीत वाढलेली दिसली तरी औषधासाठी ती कधीही तोडू नये. भारतीय आयुर्वेदिक मानकांत वनौषधींतल्या शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत १० आणि कॅडमियमची केवळ ०.३ भाग इतकी ठेवलेली आहे, आणि धातूंचे हे प्रमाण घरी चव किंवा वास घेऊन ओळखता येत नाही. त्यामुळे घरी लावायची तर स्वच्छ पाण्याच्या पसरट कुंडीतच लावावी.

ऊन, गारवा आणि दिवसाची लांबी

तुळशीचे पान साध्या भिंगाखाली धरले तर त्यावर चमकणारे बारीक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी होत, आणि तुळशीचा सगळा सुगंध त्यांच्यात भरलेला असतो. माझ्याकडे एकाच रोपाच्या फांद्यांपासून केलेल्या दोन तुळशी आहेत, एक दक्षिणेच्या गच्चीवर आणि एक जिन्याखालच्या सावलीत. सावलीतल्या तुळशीची पाने मोठी, पातळ आणि मऊ असतात. उन्हातली लहान, जाडसर आणि जांभळट असतात, पण बोटांत चुरगाळली की वासातला फरक सांगावा लागत नाही. तुळशीला दिवसातून निदान सहा तास थेट ऊन मिळेल अशीच जागा द्यावी. सर्पगंधा आणि सफेद मुसळी अर्धसावलीत सुखाने वाढतात, म्हणून त्यांना मे महिन्याच्या उन्हात उघडे टाकू नये.

शब-ए-मालवा म्हणून आपल्या रात्रींचे कौतुक होते, आणि त्या गारव्याला शेतीच्या दृष्टीनेही मोल आहे. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असला की दिवसभरात तयार झालेले अन्न रात्रीच्या श्वसनात कमी जळते. विलायती पुदिन्यावर हे चांगले तपासले गेले आहे: लांब दिवस, भरपूर ऊन आणि गार रात्री मिळाल्या तर तेलाची प्रत सुधारते, आणि उष्ण रात्री व कमी उजेड मिळाला तर तेलात नको असलेले मेंथोफ्युरॉन वाढते. आपल्या चटणीचा पुदिना बहुधा वेगळ्या जातीचा असतो आणि त्याचा वास कार्व्होनचा असतो, पण दिवस लहान झाले की तोही जमिनीलगत धावरे सोडत पसरतो. काढा किंवा अर्क यांसाठी पुदिना साठवायचा असेल तर डिसेंबरचा न साठवता मार्च-एप्रिलमधला, फुलावर येण्याच्या बेतातला घ्यावा.

प्रदेशाचा असा विचार आपल्या वैद्यकात जुनाच आहे. शार्ङ्गधराने विंध्यातल्या औषधींना आग्नेय, म्हणजे उष्ण गुणाच्या, आणि हिमालयातल्या औषधींना सौम्य, म्हणजे थंड गुणाच्या, म्हटले आहे, आणि आपण तर विंध्याच्या माथ्यावरच, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर राहतो. मला या वर्गीकरणात फार बारकाईचे निरीक्षण दिसते.

काढणी केव्हा करावी

वर्षभराची मेहनत चुकीच्या आठवड्यात काढणी केल्याने वाया जाऊ शकते, म्हणून इथे घाई करू नये आणि आळसही करू नये. मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, पाने झडून गेल्यावर घ्यावीत, आणि साल, कंद व चीक शरदात घ्यावेत, असा चरकाचा दंडक आहे. पाने पिवळी पडतात तेव्हा झाड वरचे अन्न खाली मुळाकडे नेत असते, हे लक्षात घेतले की या नियमामागचे कारण उलगडते. अश्वगंधेची पाने पिवळी पडू लागली आणि कवचातली फळे लाल झाली, म्हणजे पेरणीपासून पाच-सहा महिन्यांनी, जानेवारीअखेर ते मार्च या काळात, ती काढणीला येते. त्याआधी काढली तर मूळ भरलेले नसते, आणि ‘अजून जाड होईल’ म्हणून उन्हाळ्यापर्यंत ठेवली तर ते लाकडासारखे होते. सर्पगंधेची मुळेही अशीच हिवाळ्यात, पण किमान दीड वर्षाच्या झाडाची काढतात, आणि तिचे अल्कलॉइड प्रामुख्याने मुळाच्या सालीत असल्यामुळे धुताना ती साल खरवडली जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

कालमेघाचे गणित याहून वेगळे आहे. त्याचा कडूपणा, म्हणजेच अँड्रोग्राफोलाइड, मुख्यतः पानांत असतो आणि फुलोऱ्याच्या सुमारास तो भरात असतो. जून-जुलैत लावलेले रोप साधारण शंभर ते एकशेवीस दिवसांनी फुलू लागते. निम्मी झाडे फुलावर आली की कापणी करावी. शेंगा धरून पाने गळू लागेपर्यंत थांबले तर हाती नुसत्या काड्या राहतात. पानाचा तांदळाएवढा तुकडा जिभेवर ठेवून कडूपणा किती वेळ टिकतो ते पाहणे ही घरच्या घरी होणारी परीक्षा आहे; प्रयोगशाळेची अचूकता तिच्यात नाही, पण दोन वाफ्यांतला किंवा दोन वर्षांतला फरक तिच्यातून निश्चित कळतो.

तुळशीत तेलाचे प्रमाण भर फुलोऱ्यात सर्वांत जास्त असते. रोजच्या चहा-काढ्याला कोवळी पाने हवी असतील तर मंजिऱ्या खुडत राहाव्यात, पण वाळवून ठेवण्यासाठी घ्यायची असेल तर मंजिऱ्या येऊ द्याव्यात आणि जमिनीपासून वीतभर वर कापावे, म्हणजे पुन्हा फुटवे येतात. सुगंधी वनस्पती सकाळी, दव उडून गेल्यावर आणि ऊन तापण्याआधी तोडावी. पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस ऊन मिळेपर्यंत थांबावे. त्या ओल्या पानांना वास कमी असतो आणि ती वाळतानाच काळी पडतात. इसबगोल लावणाऱ्यांना हे सांगायला नको, कारण पक्व झालेल्या पिकावर फेब्रुवारी-मार्चमधली एक सर आली तरी बियांवरचा भुसा पाणी पिऊन फुगतो, बी झडते आणि पीक हातचे जाते.

वाळवण आणि बरणी

शेतात कमावलेला गुण गमावण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे वाळवण. पाने आणि सुगंधी वनस्पती सावलीत, वारा खेळता असेल अशा खोलीत, जाळीवर पातळ पसरून वाळवाव्यात. चाळीस अंशांच्या वर तापमान गेले की तेल उडू लागते, आणि मे महिन्यातली आपली गच्ची त्याच्या कितीतरी वर तापते. मुळांना ऊन चालते. अश्वगंधेची मुळे धुऊन, बोटभर लांबीचे तुकडे करून, सात-आठ दिवस उन्हात ठेवावीत आणि मोडताना आवाज येईपर्यंत बरणीत भरू नयेत. सप्टेंबरच्या दमट हवेत काही काढावेच लागले तर ढीग न करता पंख्याखाली पसरावे, कारण ओलसर राहिलेल्या औषधाला बुरशी लागते, आणि बुरशीचे विष पावडर केल्यावर दिसत नाही. बुरशीचा जरासा वास आला तरी ती खेप खतात टाकावी. धुऊन, पुन्हा वाळवून ती वापरण्याजोगी होत नाही.

पावडर करून ठेवण्यापेक्षा अखंड मुळे आणि अखंड पाने काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधाऱ्या कपाटात ठेवावीत आणि लागेल तेवढीच कुटावीत. कालमेघ आणि तुळस दरवर्षी नवी घ्यावी.

घरच्या औषधाची तीव्रता एका खेपेपासून दुसरीपर्यंत बदलते, म्हणून बाजारच्या प्रमाणित गोळीची मात्रा घरच्या चूर्णाला जशीच्या तशी लावू नये आणि वैद्यांना विचारून, कमी मात्रेने सुरुवात करावी. गरोदरपणात अश्वगंधा आणि कालमेघ टाळावेत. सर्पगंधा रक्तदाब खाली आणते, ती बागेत जरूर जपावी पण घरी स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये.

प्रत्येक बरणीवर मी चार ओळी लिहितो: पेरणीची तारीख, कुठला वाफा, काढणीपूर्वी शेवटचे पाणी केव्हा दिले आणि काढणीच्या दिवशीचे हवामान. आदल्या वर्षीच्या अश्वगंधेची दोन मुळे मुद्दाम राखून ठेवतो, आणि नवी मुळे वाळली की जुने व नवे शेजारी ठेवून मोडतो. ज्या वर्षी नवे मूळ वाकते, त्या वर्षी बरणीवरची तिसरी ओळ आधी वाचतो.